मेल्यावर उरतं ते कोण?

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की दरवर्षी तोच वाद डोकं वर काढतो. एका बाजूला 'आत्मा आहे हे आता विज्ञानानेही मान्य केलंय' असं ठासून सांगणारे. त्यांच्याकडे मरताना वजन एकवीस ग्रॅमने घटल्याची गोष्ट असते, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम असतो, आयसीयूतून परत आलेल्या कुणाची तरी कहाणी असते. दुसऱ्या बाजूला 'आत्मा कुणी पाहिलाय? थोतांड आहे सगळं' एवढ्यावर विषय मिटवणारे. सर्वपित्री अमावास्येपर्यंत हे चालतं आणि घटस्थापनेला विषय बदलतो. मला या वादाची चीड येते. माणसाला पडलेल्या सगळ्यात गंभीर प्रश्नांपैकी हा एक आहे. ज्या भूमीत तो अडीच हजार वर्षं इतक्या धारदारपणे लढवला गेला, तिथेच आज तो इतका ढिसाळपणे मांडला जावा?

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याला आपण नावाने हाक मारत होतो, ज्याला आपलं लहानपण आठवत होतं, जो ठरावीक गोष्टींवर हसायचा आणि ठरावीक गोष्टींवर चिडायचा, तो माणूस मेल्यावर उरत नाही. पण हे मत वजनकाट्याने सिद्ध होणारं नाही आणि वजनकाट्याने खोडलंही जाणार नाही. पुरावा मागण्याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो दोन्ही बाजू टाळतात. काहीतरी उरतं असं म्हणता, तर उरतं ते नेमकं कोण?

आधी तो एकवीस ग्रॅमचा मामला. १९०७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, हेव्हरिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टराने मरणासन्न रुग्ण खाटेसकट काट्यावर ठेवून वजनं घेतल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्ण सहा. त्यातल्या दोघांची मापं त्याने स्वतःच बाद धरली, आणि पाऊण औंस, म्हणजे साधारण एकवीस ग्रॅम, हा आकडा एकाच रुग्णाचा. पुढे त्याने पंधरा कुत्र्यांवर हाच प्रयोग केला, त्यांचं वजन घटलं नाही, आणि कुत्र्यांना आत्मा नसतो असा निष्कर्ष त्याने काढला. एवढ्या पायावर शंभर वर्षं एक आकडा जगभर फिरतो आहे.

आणि हा प्रयोग आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतकं आधी नोंदवलेला आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? दीघनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथातल्या पायासी सुत्तात कोसल देशातल्या सेतव्या नगरीचा अधिपती पायासी हा पक्का नास्तिक आहे. परलोक नाही असं तो नुसतं म्हणत नाही, त्याने तपासून पाहिलेलं आहे. एका चोराला त्याने जिवंतपणी मोठ्या मडक्यात कोंडलं, तोंड ओल्या चामड्याने बांधून वर मातीचा जाड लेप दिला आणि मडकं आगीवर चढवलं. माणूस मेला असं वाटल्यावर झाकण हळूच उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. दुसऱ्या चोराचं जिवंतपणी वजन केलं, गळा आवळून मारलं आणि पुन्हा वजन केलं. मेलेला जास्त भरला. त्यावर कुमार कस्सप हा भिक्खू उत्तर देतो की तापलेला लोखंडी गोळाही थंड गोळ्यापेक्षा हलका असतो. जैनांच्या राजप्रश्नीय सूत्रात जवळजवळ हीच कथा आहे. तिथला राजा पएसी. त्याच्या काट्यावर मात्र जिवंत आणि मेलेला माणूस सारखाच भरतो, आणि केशी श्रमण त्याला सांगतात की हवा भरलेली चामड्याची पिशवी आणि रिकामी पिशवी यांचंही वजन सारखंच असतं.

दोन्ही साधूंचं पदार्थविज्ञान चुकलेलं होतं. पण प्रयोगांकडे नीट पाहा. एका ग्रंथात वजन वाढतं, दुसऱ्यात तेवढंच राहतं, मॅकडूगलकडे घटतं. आणि तिन्ही ठिकाणी निकाल काहीही लागला तरी आत्म्याचा प्रश्न जिथल्या तिथे. कारण जो आत्म्याला जड वस्तू मानतच नाही, त्याला वजन घटलं नाही म्हणून काय फरक पडतो? आणि जो चैतन्याला शरीराचीच क्रिया मानतो, त्याला वजन घटलं तर तो घामाचा, वाफेचा हिशेब मांडेल. पायासी सुत्तातला मला सगळ्यात खरा वाटणारा क्षण या प्रयोगांनंतरचा आहे. पायासी कबूल करतो की मला हे मत आता सोडवत नाही, कारण कोसलच्या पसेनदी राजाला आणि परराज्यांतल्या राजांनाही पायासीचं हे मत ठाऊक आहे. सोडलं तर ते मला मूर्ख म्हणतील. आजच्या वादात दोन्ही बाजूंचे किती जण नेमक्या याच कारणाने अडून बसले आहेत!

ऊर्जेच्या नियमावर फार वेळ घालवायला नको. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरंच आहे. विश्रांती घेणाऱ्या माणसाचं शरीर साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतं, त्यातला वीसेक वॉटचा वाटा मेंदूचा. माणूस गेला की अंगातली ऊब खोलीतल्या हवेत जाते, पेशींत साठलेली रासायनिक ऊर्जा चितेत नाहीतर मातीतल्या जिवाणूंत जाते. हिशेब तिथे पूर्ण होतो. त्या उबेला आपलं नाव आठवत नाही. ऊर्जा टिकणं आणि माणूस टिकणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर भक्कम आहे त्याकडे येते. पहिली गोष्ट, मरणाच्या दारातून परत आलेल्यांचे अनुभव. ते खोटं बोलतात असं म्हणणं अन्यायाचं आहे. नेदरलँड्समध्ये पिम व्हॅन लोमेल आणि सहकाऱ्यांनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांना विचारलं, तेव्हा ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. अनुभव खरा, माणूस प्रामाणिक, आणि अनेकांचं पुढचं आयुष्य त्याने बदललेलं. हे सगळं मान्य. पण अनुभव खरा असणं आणि अनुभवातलं जग खरं असणं या दोन गोष्टी आहेत. १९८६ साली सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हन्सन यांनी भारतातले असे सोळा अनुभव प्रसिद्ध केले. इयन स्टीव्हन्सन हे पुनर्जन्माच्या शक्यतेसाठी आयुष्य वेचलेले संशोधक, त्यामुळे त्यांना आत्म्याचे वैरी म्हणता येणार नाही. त्यांच्या नोंदींत आपल्या माणसांना न्यायला दूत येतात, कुणाच्या तरी हातात वही असते, वही तपासली जाते आणि कळतं की चुकीच्या माणसाला आणलं, परत सोडा. अमेरिकी लोकांच्या कहाण्यांत ही चूक सहसा आढळत नाही. तिथे आधी गेलेले नातेवाईक भेटतात आणि 'तुझी वेळ अजून झालेली नाही' म्हणून परत पाठवतात. परलोक एकच असेल तर त्याची व्यवस्था प्रवाशाच्या पासपोर्टप्रमाणे बदलते कशी? चित्रगुप्ताची वही ज्या मनाने लहानपणापासून ऐकली, त्याच मनाला ती दिसते. तो अनुभव विझत चाललेल्या मेंदूचा आहे, याहून सरळ अर्थ मला लागत नाही.

आत्मवाद्यांचा खरा हुकमी मुद्दा वेगळाच आहे आणि तो मृत्यूच्या आधीचा आहे. मला आत्ता या ओळी लिहिताना काहीतरी जाणवतं आहे. हे जाणवणं जड पदार्थातून निर्माण होतं तरी कसं? चेतापेशींचं कितीही बारीक वर्णन केलं तरी दातदुखी दुखते का, नुसती नोंदली का जात नाही, हे त्या वर्णनातून निघत नाही. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्टपणे सापडेल. २०२३ साली त्यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे वाइनची पेटी दिली. म्हणून 'विज्ञानाने सगळं उलगडलंय, आत्मा बित्मा काही नाही' असं जो तावातावाने म्हणतो, तो विज्ञानाच्या खात्यावर नसलेली रक्कम खर्च करतो. कोडं शिल्लक आहे. ते कोडं मोठं आहे हे म्हणायला विवेकवाद्याची जीभ का अडखळावी?

न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या परंपरेने, हाच मुद्दा आपल्या पद्धतीने फार पूर्वी मांडला. जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच मी हाताने चाचपते आहे, असं मला कळतं. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग कळत नाही. मग दोन्ही एकाच वस्तूचे आहेत हे ओळखणारा कोण? काल पाहिलेलं आज आठवतं, तर काल पाहणारा आणि आज आठवणारा एकच असायला हवा. हा युक्तिवाद आजही ताजा आहे. मला तो शेवटपर्यंत पटत नाही, कारण एकपणाची गरज सिद्ध झाली तरी तो एकपणा शरीराबाहेरचा आणि अविनाशी असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. पाहिलेलं आणि चाचपलेलं एकत्र जोडणारी यंत्रणा मेंदूतही असू शकते, आणि ती बिघडते तेव्हा नेमकी तीच ओळख बिघडते.

इथे प्रत्येक घरात कुठे ना कुठे पाहिलेली गोष्ट समोर ठेवते. स्मृतिभ्रंशाचा आजार. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरतं, मग औषध घेतलं की नाही, मग नातवाचं नाव, मग स्वतःच्या मुलीला 'तुम्ही कोण?' असं विचारणं. मेंदूचा एकेक भाग झिजतो तसतसा माणसाचा एकेक भाग जातो. माझा प्रश्न असा आहे. निम्मा मेंदू झिजल्यावर ज्याला लेकीचं नाव आठवत नाही, त्याला सगळा मेंदू जळून राख झाल्यावर ते कसं आठवेल? १८४८ साली व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावरच्या स्फोटात लोखंडी पहार फिनियस गेजच्या डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण त्याचे मित्र म्हणू लागले की हा आता पूर्वीचा गेज राहिला नाही. सभ्य, भरवशाचा माणूस उर्मट आणि चंचल झाला. स्वभाव आत्म्याचा असेल तर पहारीने तो बदलावा कसा?

याला एक बुद्धिमान उत्तर आहे. विल्यम जेम्सने १८९८ साली ते मांडलं आणि आज ते रेडिओच्या दाखल्याने सांगितलं जातं: मेंदू जाणीव निर्माण करत नाही, तो फक्त पकडतो. रेडिओ बिघडला म्हणजे आकाशवाणी केंद्र बंद पडलं असं होत नाही. तर्काने हे अशक्य नाही. पण रेडिओ बिघडला की खरखर येते, आवाज तुटतो. बातम्या वाचणारा निवेदक शिवीगाळ करू लागत नाही. गेजच्या बाबतीत कार्यक्रमच बदलला. आणि समजा, हा सिद्धांत खरा मानला, आठवण, स्वभाव, भाषा, प्रेम हे सगळं रेडिओतच होतं आणि केंद्रावर नुसती शुद्ध लहर होती असंही धरलं. मग त्या लहरीला माझी आजी कोणत्या अर्थाने म्हणायचं?

हा प्रश्न परदेशातून आलेला नाही. बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या सभेत जारत्कारव आर्तभाग तोच विचारतो. माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात, शरीर पृथ्वीत. मग तेव्हा तो पुरुष कुठे असतो? सगळ्यांना निरुत्तर करणारा याज्ञवल्क्य इथे त्याचा हात धरतो आणि म्हणतो, हे आपण दोघांनीच जाणावं, लोकांत नको. दोघं बाजूला जातात, आणि ते बोलले ते फक्त कर्माविषयी, एवढंच उपनिषद सांगतं. हाच याज्ञवल्क्य घर सोडताना मैत्रेयीला सांगतो की पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा पुन्हा उचलता येत नाही, तसं हे महद्भूत, हे अनंत तत्त्व. मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, राहत नाही. मैत्रेयी तिथल्या तिथे अडवते: इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत. तिचा गोंधळ अगदी रास्त होता. तिने अमृतत्व मागितलं होतं आणि नवरा सांगत होता की जे अमर आहे त्यात तू आणि मी असं काही वेगळं नसतंच. आपल्या परंपरेतलं सगळ्यात उंच तत्त्वज्ञान हे असं आहे. आजोबा वरून बघताहेत, आजी नातीच्या पोटी येणार आहे, असं त्यात कुठेही नाही. त्या तत्त्वज्ञानाचे श्लोक म्हणून या आश्वासनांवर शिक्का मारणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

गीतेचंही तेच. दुसऱ्या अध्यायात आत्मा अमर असल्याचं सांगून झाल्यावर सव्विसाव्या श्लोकात कृष्ण म्हणतो की हा नेहमी जन्मतो आणि नेहमी मरतो असं तू मानत असलास, तरीही तुला शोक करणं योग्य नाही. म्हणजे आपला सगळा उपदेश आत्म्याच्या अमरत्वावर टांगून ठेवण्याची गरज त्याला वाटलेली नाही. प्रवचनांत हा श्लोक इतक्या घाईने का ओलांडला जातो?

राहिला न्यायाचा मुद्दा. सज्जन माणूस हालात मेला, लबाड गादीवर मेला. पुढे काहीच नसेल तर केलेलं वाया गेलं आणि न केलेलं भोगलं, असं होतं. कृतनाश आणि अकृताभ्यागम, असा हा जुना आक्षेप. त्यामागची तळमळ मला समजते. परंतु या हिशेबवहीचा उपयोग प्रत्यक्षात कशासाठी झाला तेही पाहावं लागेल. छांदोग्योपनिषद सांगतं की चांगल्या आचरणाचे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात आणि वाईट आचरणाचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्यालाच मागच्या जन्मीचा गुन्हेगार ठरवणारा हा न्याय आहे. समोरचा अन्याय दूर करायची निकड त्याने वाढली की कमी झाली, याचं उत्तर या देशातल्या गावकुसांनी शतकानुशतकं दिलेलं आहे. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्न केला: बुद्धाने आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे? आत्म्याच्या संसरणावाचून, म्हणजे आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो असं न मानता, त्याचं उत्तर शोधण्याचा त्यांचा खटाटोप नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या प्रतिज्ञांशी थेट जोडलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही असं म्हटलं, तेव्हा आत्म्याचा प्रश्न पुस्तकातून उठून माणसांच्या जगण्यात आला. महाराष्ट्रात त्या घटनेनंतरही या विषयावर फक्त एकवीस ग्रॅमचं बोलत राहायचं?

माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडण आहे. दहाव्याला घाटावर उभं राहिलेल्या कुणालाही हे माहीत असतं: भाताचे पिंड मांडलेले, सगळे मागे सरकलेले, कावळे समोरच्या पिंपळावर आणि कुणीच खाली येत नाही. मग थोरला मुलगा पुढे होऊन हात जोडतो, 'धाकटीचं शिक्षण मी पुरं करीन, काळजी करू नका.' पुतण्या म्हणतो, 'विहिरीवरून भांडणार नाही.' कधी कावळा शिवतो. नाहीच शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. याला हसणाऱ्यांनी इथे घडलं काय ते पाहिलेलंच नसतं. मेलेल्या माणसाच्या मनात राहून गेलेलं ओळखून, चारचौघांत, मोठ्याने, जिवंत माणसांनी शब्द दिला. तो शब्द पाळायला आत्मा लागत नाही, धाकटीची फी लागते. आत्मा न मानणाऱ्यांनी या शब्दाला पर्यायी जागा उभी केली आहे का? केली नसेल तर निदान त्या माणसांची टिंगल करू नये. बोट ठेवायचंच तर पितृदोषाच्या धंद्यावर ठेवावं. मूल होत नाही, कर्ज फिटत नाही, लग्न जमत नाही, सगळ्याला अतृप्त पितर जबाबदार धरायचे आणि उधारी करून माणसाला शांतीच्या विधींना पाठवायचं, ही त्या दुःखाची लूट आहे. आत्मा मानणाऱ्यांनीच याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलायला हवं, कारण त्यांच्याच श्रद्धेच्या नावावर ती चालते.

आणि आत्मा मानणाऱ्यांना त्यांच्याच भूमिकेवरून एक विचारायचं आहे. नेत्रदानाचं नाव काढलं की अजूनही घराघरात कुणीतरी म्हणतं, 'नको, पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल.' शरीर हे जुनं वस्त्र, ते टाकून देही नवं घेतो, असं मानणाऱ्याने ही भीती कुठून आणली? टाकलेल्या वस्त्राचं एक बटण कुणाच्या कामी आलं तर नव्या वस्त्राला भोक पडतं का? मी आत्मा मानत नाही, तुम्ही मानता. या एका बाबतीत आपलं दोघांचं तत्त्वज्ञान एकाच निर्णयावर येतं. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी सरकवायची, पंखा बंद करायचा आणि जवळच्या नेत्रपेढीला फोन लावायचा. आत्म्याचा वाद त्यानंतर, तेराव्याला नातेवाईक जमतील तेव्हा, सावकाश घालता येईल.